अनुभव धागा: बीनो आणि नाव न छापलेले हात

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं की बीनोवर एक धागा काढावा. इथे अधूनमधून कोणीतरी त्यातल्या खोडकर डेनिसचा किंवा बॅश स्ट्रीट शाळेतल्या दंगेखोर पोरांचा विषय काढतं, चार लोक हो हो म्हणतात आणि गप्पा दुसरीकडे जातात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बीनो हे स्कॉटलंडमधल्या डंडी गावातून, डी. सी. थॉमसन कंपनीकडून निघणारं मुलांचं साप्ताहिक कॉमिक. पहिला अंक ३० जुलै १९३८ चा, ४००० वा २०१९ च्या ऑगस्टमध्ये आला आणि अजूनही दर आठवड्याला निघतंय. युद्धात कागदाची टंचाई होती तेव्हा एका आठवड्याला बीनो आणि एका आठवड्याला त्याचा मोठा भाऊ, डँडी नावाचं कॉमिक, असं करून काढलं, पण बंद पडू दिलं नाही.

तर लिहा, तुमच्या हाती कधी, कुठे पडलं, आणि कुठल्या चित्रकाराचा हात तुम्हाला आधी ओळखू आला. हात मुद्दाम म्हणतोय, कारण पानावर नाव नसायचंच. कंपनीचा शिरस्ताच तो. सही करायला मिळालेला मोठा अपवाद म्हणजे डडली वॉटकिन्स, बाकी सगळे वर्षानुवर्षं बिननावाचे.

सुरुवात मी करतो. १९८४, मी सातवीत. बाबा शनिवारी फोर्टातल्या ऑफिसातून अर्ध्या दिवसाने सुटायचे, मी चर्चगेटला जाऊन थांबायचो आणि आम्ही दोघं चालत फाउंटनला, फूटपाथवरच्या पुस्तकवाल्यांकडे. तिथे एका ढिगात मधोमध बीनोचं जाडजूड वार्षिक मिळालं, पुठ्ठ्याचे कोपरे फुगलेले, आत पहिल्या पानावर निळ्या शाईत ख्रिसमस १९७३ असं लिहिलेलं, खाली आजोबांकडून. बाबांनी घासाघीस करून आठ रुपयांना घेतलं. इंग्रजी निम्मं कळायचं नाही, पण मी ते इतक्या वेळा पाहिलं की एक दिवस लक्षात आलं, बॅश स्ट्रीटचे मास्तर चिडतात आणि डेनिसचे बाबा चिडतात ते सारखंच चिडतात. तेच वटारलेले डोळे, तसाच वासलेला जबडा. बिफो अस्वलाच्या पानातसुद्धा कडेला उभी असलेली माणसं त्याच घरातली वाटायची. मी आईला म्हटलं, हे सगळं एकाच माणसाने काढलंय. आई म्हणाली, नाव लिहिलंय का कुठे? नव्हतं. त्यानंतर वीसेक वर्षांनी इंटरनेटवर नाव सापडलं, डेव्हिड सदरलँड. बॅश स्ट्रीट १९६२ पासून त्यांच्याकडे, डेनिस १९७० ते १९९८, आणि वॉटकिन्स गेल्यावर बिफोसुद्धा. तीनही बरोबर निघाले! त्या दिवशी आई हवी होती सांगायला.

*

वा, मस्त धागा. माझे वडील डॉक्टर, १९७३ मध्ये आम्ही लँकशायरमधल्या एका छोट्या गावात गेलो, मी तेव्हा पाच वर्षांचा. कोपऱ्यावर पेपरचं दुकान होतं, एका गुजराती काकांचं, ते आमचा अंक बाजूला काढून ठेवायचे आणि वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने घराचा नंबर घालायचे, २७. अजून माझ्याकडे आहेत ते अंक, सगळ्यांवर २७.

शाळेत मी एकटाच सावळा, पहिले काही महिने कोणी फारसं बोलायचं नाही, पण मधल्या सुट्टीत बीनो उघडला की चार डोकी आपोआप गोळा व्हायची. १९७६ ला डेनिसचा फॅन क्लब निघाला, पैसे भरले की पाकीट यायचं आणि त्यात डेनिसच्या कुत्र्याचा, नॅशरचा बिल्ला, काळ्या केसाळ कापडाचा, त्याला हलणारे डोळे. पत्रपेटीतून पाकीट पडल्याचा आवाज आला आणि मी जिन्यावरून घसरतच खाली. तो बिल्ला स्वेटरला लावून शाळेत गेलो तर वर्गात निम्म्या जणांकडे तोच बिल्ला, एकमेकांना दाखवायची गुप्त खूण होती ती.

१९८१ ला कोल्हापूरला परत आलो. आजीला बिल्ला दाखवला, तिने हातात घेऊन उलटासुलटा केला आणि विचारलं, कुत्रं हाय की सुरवंट? तिला काय माहीत, पण ती खरं तर चित्रकाराच्याच जवळ गेली होती. नॅशर १९६८ मध्ये आला, आणि तो कसा काढायचा हे डेनिसचे पहिले चित्रकार डेव्हिड लॉ यांना सांगताना म्हणे एवढंच सांगितलं, डेनिसचे केस काढ, त्याला चार पाय, डोळे आणि दात लाव. झालं कुत्रं.

*

धागाकर्त्यांनी हात शब्द वापरला म्हणून लिहितेय, नाहीतर मी वाचूनच जाते. मी जे.जे. ला होते, अप्लाइडला, १९९० च्या आसपास. एका सीनियरकडे बीनोचे सुटे अंक होते, त्याच्या मामांनी आणलेले, पन्नासच्या दशकातले काही आणि सत्तरच्या दशकातले काही. आम्ही ते समोर ठेवून क्रोक्विल निबने कॉपी करायचो, आणि कॉपी करताना कळतं हो कोणाचा हात काय करतो ते, नुसतं वाचून नाही कळत.

लॉचा डेनिस (पहिला १७ मार्च १९५१ चा) बघा, रेघ अगदी पटकन मारलेली, कोपर बाहेर, गुडघे बाहेर, पोरगं चाललंय की पडतंय ते कळू नये इतकी घाई. ते कॉपी करायला आपणही घाई करावी लागते, जपून मारलं की मेलं चित्र.

मग लिओ बॅक्सेंडेल. १९५२ मध्ये तो आला, ऐन विशीत, डेनिस बघूनच तिथे काम मागितलं त्याने. १९५३ ला लिटल प्लम आणि मिनी द मिंक्स ही पात्रं, आणि १९५४ ला शाळा सुटण्याचं ते मोठ्ठं चित्र, जे पुढे बॅश स्ट्रीट किड्स झालं. त्यातलं एक चित्र मी दोन रात्री कॉपी केलं. घंटा झालीय, फाटकातून पोरं उधळलीयत, एकजण दुसऱ्याच्या डोक्यावरून, एक पिंपात, एक कुंपणात अडकलेला, मास्तर पायाखाली. बरं, कोपऱ्यात अगदी नखाएवढ्या जागेत एक पोरगं, बाकी दंग्याशी त्याचा काहीही संबंध नाही, आपलं आपलं एकटं बसून काहीतरी खातंय. त्याच्या गालाचा फुगीरपणा दोन रेघांत. माझ्याकडून तो गाल काही जमला नाही. कोणीही बघणार नाही अशा जागी माणसाने एवढं काम का केलं असेल, तर मला वाटतं त्याला माहीत होतं, मुलं बघतात. मोठी माणसं नाही बघत, मुलं अख्खं चित्र बोट ठेवून बघतात.

तिसरा केन रीड, रॉजर द डॉजर आणि जोना ही त्याची पात्रं. त्याची भीती खरी असते. जोना जहाजावर चढला की खलाशांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी आजही विद्यार्थ्यांना दाखवते. आणि याच माणसांनी सही करायची नाही! बॅक्सेंडेल १९६२ ला सोडून गेला, पुढे पात्रांच्या हक्कासाठी कंपनीशी सात वर्षं कोर्टात भांडला, १९८७ ला कोर्टाबाहेर मिटलं. मला त्याच्याबद्दल फार वाटतं. आमच्या घरी चांदोबा यायचा त्यात चित्राखाली शंकर अशी सही असायची, म्हणून आम्हाला शंकर माहीत. त्या पोरांना बिचाऱ्यांना बॅक्सेंडेल हे नावच माहीत नव्हतं आणि जीव मात्र त्याच्यावर टाकत होती.

*

वरच्या ताईंना +१००. एक छोटी भर, आपल्याकडच्या इंग्रजी पेपरात यायचा तो डेनिस अमेरिकन, हँक केचमचा, सोनेरी केसांचा, डंगरीतला. तो वेगळा, हा लाल-काळ्या पट्ट्यांच्या स्वेटरचा वेगळा. दोघं १९५१ च्या मार्चमध्ये, एकाच आठवड्यात आले आणि कोणी कोणाचं उचललं नाही, निव्वळ योगायोग. मी शाळेत यावरून पैज हरलोय.

*

माझी ओळख गाण्यातून. जॉन मेयॉलची १९६६ ची रेकॉर्ड, कव्हरवर एरिक क्लॅप्टन बाकीच्यांकडे न बघता बीनो वाचत बसलाय, म्हणून तिला बीनो अल्बमच म्हणतात. मी गिटार शिकत होतो, आधी गाणी ऐकली आणि मग हा माणूस वाचतोय काय एवढं ते शोधायला गेलो. मिनी द मिंक्स आवडली. तिचे जिम पेट्री, १९६१ ते २००१, दोन हजार पानं. चाळीस वर्षं एकच खट्याळ मुलगी काढायची आणि शेवटच्या वर्षीही ती तेवढीच ताजी, मला हे गिटारच्या रियाझासारखं वाटतं.

*

मी डंडीत राहते, नऊ वर्षं झाली, आधी शिकायला आणि आता नोकरी. खरं सांगायचं तर येण्याआधी बीनो हे नाव फक्त ऐकलं होतं. पहिल्याच आठवड्यात हाय स्ट्रीटवर डँडीतल्या डेस्परेट डॅनचा भलामोठा ब्राँझचा पुतळा, ऐटीत पाऊल टाकत चाललेला, आणि त्याच्या मागे नेम धरून मिनी. थंडीत लोक तिच्या डोक्यावर लोकरीची टोपी घालून जातात, कोण घालतं माहीत नाही.

थॉमसनचं ऑफिस मेडोसाइडला, लाल दगडाची इमारत. शेजारी डंडी हायस्कूल. बॅश स्ट्रीटची कल्पना त्या ऑफिसच्या खिडकीतून शाळेच्या मैदानाकडे बघून सुचली असं इथे सांगतात, आणि मी मुद्दाम मधल्या सुट्टीच्या वेळी जाऊन उभी राहिले तर बरोबर तसंच, घंटा झाली की तो आवाज, ती झुंबड. २०१४ मध्ये गावातल्या एका बोळाला खरोखर बॅश स्ट्रीट नाव दिलंय, पाटी लागलीय.

आई-बाबा आले होते तेव्हा आईला सांगितलं की या गावाची ओळख तीन गोष्टींवर, ज्यूट, जॅम आणि जर्नलिझम. ज्यूट म्हणजे बंगालमधून जहाजाने यायचा तो ताग. आई एकदम थांबली, म्हणाली, म्हणजे आपल्या गोणपाटाचं गाव होय हे! मग तिला गाव आपलं वाटायला लागलं. मिनीबरोबर फोटो काढताना तिने मिनीचा हात धरला, जत्रेत मुलीचा धरतात तसा.

वॉटकिन्सबद्दल एक सांगते. बिफो, लॉर्ड स्नूटी, डेस्परेट डॅन, शिवाय संडे पोस्ट या पेपरातल्या ऊर वुली आणि द ब्रून्स या चित्रमालिका, हे सगळं एका माणसाचं, आणि तो मूळचा इंग्लंडचा. १९६९ च्या ऑगस्टमध्ये ड्रॉइंग बोर्डापाशीच गेला. त्यानंतर डँडीत डॅनची जुनीच पानं चौदा वर्षं परत परत छापली. माझे ऑफिसमधले एक आजोबा सांगतात, आम्हा पोरांना कोणी काही सांगितलं नव्हतं, पण ऊर वुलीचे गुडघे बदलले तेव्हा आम्हाला कळलं.

*

गुडघे!! काय वाक्य आहे.

माझा अनुभव थोडा कडू आहे. पुण्यात पेठेत आमच्या जवळ एक भाड्याने पुस्तकं देणारी लायब्ररी होती, दिवसाला पंचवीस पैसे. तिथे बीनोची चार वार्षिकं. मालक शिस्तीचे, पण आधी कोणीतरी लॉर्ड स्नूटीची पानं ब्लेडने कापून नेलेली आणि ठपका आला माझ्यावर, कारण ती वार्षिकं सगळ्यात जास्त वेळा मीच नेलेली. वही काढून दाखवली त्यांनी, माझं नाव अकरा वेळा. आईने पाच रुपये भरले आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मी कापली नव्हती हो. आज चाळीस वर्षांनी लिहितोय तरी घसा दाटतो. ती पानं गेल्या वर्षी लंडनहून भाच्याने जुनं वार्षिक पाठवलं त्यात पहिल्यांदा पाहिली.

*

काका, तुमचं वाचून वाईट वाटलं, आणि पानं मिळाली ते वाचून तेवढंच बरंही.

मी लेस्टरला. मुलगी आठ वर्षांची, तिच्या नावाने वर्गणी आहे, बुधवारच्या आसपास पोस्टाने येतो. तिची लाडकी हर्षा चंद्रा, खोड्यांच्या सामानाचं दुकान असलेल्या घरातली मुलगी. घरात मराठी बोलणाऱ्या मुलीला कॉमिकमध्ये हर्षा भेटते, आणि ती शहाणी मुलगी म्हणून नाही तर खोडकरांची खोडकर म्हणून, हे मला फार मोलाचं वाटतं. २०२१ मध्ये बॅश स्ट्रीटमधल्या फॅटीचा फ्रेडी आणि स्पॉटीचा स्कॉटी केला तेव्हा इथे बराच आरडाओरडा झाला. मला तो बदल पटला, माझ्या मुलीच्या वर्गात जाड मुलगा आहे आणि त्याला तसं कोणी हाक मारू नये.

२०२१ च्या हिवाळ्यात लंडनला सॉमरसेट हाउसमध्ये बीनोचं प्रदर्शन होतं, आम्ही गेलो. मूळ चित्रं पहिल्यांदा समोर पाहिली. छापल्यावर सपाट दिसणारी काळी जागा मुळात सपाट नसते, ब्रश कुठून कुठे गेला ते दिसतं, पांढऱ्या रंगाने झाकलेली चूक दिसते. मुलीने विचारलं, बाबा, मोठ्या माणसांचंही चुकतं आणि ते पुसत नाहीत?

सदरलँड २०२३ च्या जानेवारीत गेले, एकोणनव्वद वर्षांचे. वर्षाच्या सुरुवातीलाच ओबीई, हा ब्रिटिश सन्मान, जाहीर झाली होती. साठ वर्षं बॅश स्ट्रीट. बातमी आली त्या रात्री मी मुलीला सांगितलं, तिने जुने अंक काढून जमिनीवर मांडले आणि प्रत्येक पानावर बोट ठेवून विचारत गेली, हे त्यांचं? हे त्यांचं? आता नावं छापतात, पण ती नाव वाचत नव्हती, मास्तरांचे डोळे बघत होती.