मदत हवी आहे: श्टुटगार्टमध्ये किचन नसलेलं घर घ्यावं का?

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये नाशिकहून जर्मनीत श्टुटगार्टला आलो, मी, नवरा आणि चार वर्षांची लेक. सध्या तात्पुरत्या फर्निश्ड घरात आहोत, निम्मा पगार भाड्यातच जातो. आता कुठे एक घर हाताशी आलंय. काल्टमीट, म्हणजे नुसतं भाडं, ९८० युरो. हीटिंग, पाणी, कचऱ्याचे २४० वेगळे. विजेचं बिल आपलं आपण भरायचं.

पण घरात किचनच नाही! भिंतीतून नळाचे दोन पाइप आणि शेगडीची वायर बाहेर आलेली, बाकी मोकळी खोली. ओटा, सिंक सगळं आपणच आणायचं. बघून पोटात गोळाच आला. त्यात डिपॉझिट तीन महिन्यांचं, २९४० युरो. कायद्याने ते तीन समान हप्त्यांत देता येतं, पण मालक एकरकमी मागतोय. आग्रह धरला तर घर हातचं जाईल, ही धास्ती आहे.

तुम्ही कोणी हप्त्यांचं बोलून बघितलंय का? कसं बोललात? आणि जुनं किचन घेतलंत तर बसवण्यासकट किती खर्च आला? शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय, कृपया अनुभव सांगा.