मदत हवी आहे : दुरुस्त करता येईल असा पर्यावरणपूरक चष्मा कोल्हापुरात घडवण्यासाठी सहकारी हवेत

नमस्कार मंडळी,

गेली चौदा वर्षे मी राजारामपुरीत मामांच्या चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाला फ्रेम निवडून देण्यापासून काचा घासून बसवण्यापर्यंतचे सगळे काम माझ्या हातचे आहे. पर्यावरणाला कमीत कमी झळ पोहोचेल असा चष्मा इथल्याच कारागिरांकडून आणि शक्यतो इथल्याच मालातून तयार करावा, या विचाराने मी दोन वर्षे प्रयोग करत आहे. एकटीच्या बळावर जेवढे जमले तेवढे केले. आता मात्र काम अशा ठिकाणी अडले आहे की वेगवेगळ्या हुन्नराची माणसे सोबत आल्याशिवाय ते पुढे सरकणार नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमच्या काउंटरखाली एक पत्र्याचा डबा आहे. दुरुस्त न झालेले चष्मे गिऱ्हाईक तसेच सोडून जातात, ते आम्ही त्यात टाकतो. एकदा तो डबा रिकामा करून मी एकेक चष्मा हातात घेऊन पाहिला. बहुतेकांचा पुढचा भाग शाबूत होता, काचाही चांगल्या होत्या. तुटली होती ती एकच काडी, किंवा बिजागरीच्या स्क्रूचे आटे गेले होते. प्रत्येक कंपनीची बिजागरी वेगळी असल्यामुळे दुसऱ्या फ्रेमची काडी तिथे बसत नाही, आणि त्या फ्रेमच्या आकाराला घासलेली काच दुसऱ्या फ्रेममध्ये सहसा बसत नाही. म्हणजे एका काडीपायी अख्खा चष्मा, काचांसकट, कचऱ्यात जातो. माझ्या मते चष्मा पर्यावरणपूरक आहे की नाही, हे तो बांबूचा आहे की प्लास्टिकचा यावर ठरण्याआधी तो मोडल्यावर दुरुस्त होतो की नाही यावर ठरायला हवे. या धंद्याची सगळी मांडणी मला याच पायावर करायची आहे.

दुकानांत ज्या जाड, रंगीत फ्रेम दिसतात त्यांतल्या चांगल्या प्रतीच्या बऱ्याचशा सेल्युलोज अॅसिटेटच्या असतात. हे द्रव्य मुळात लाकडाच्या किंवा कापसाच्या तंतूंपासूनच बनते, परंतु त्याला लवचीकपणा यावा म्हणून सर्वसाधारणपणे थॅलेट वर्गातले रसायन मिसळतात, आणि तक्त्यातून फ्रेम कापून काढताना तक्त्याचा बराच भाग वाया जातो. थॅलेटऐवजी वनस्पतिजन्य द्रव्य वापरलेले बायो-अॅसिटेटही आता मिळते. ते तक्ते मागवून काम सुरू करणे सोपे झाले असते, पण मग त्यात कोल्हापूरचे काय राहिले, असे वाटून मी बांबूकडे वळले.

आजऱ्याकडून माणगा बांबू आणला, बोरिक अॅसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवला आणि शिवाजी उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या कारखान्यात त्याच्या सहा फ्रेम कापून घेतल्या. उन्हाळाभर त्या उत्तम राहिल्या. जूनचा पाऊस सुरू झाल्यावर दोन फ्रेमच्या काड्या फुगून मिटेनाशा झाल्या, एकीचा पुढचा भाग किंचित पिळला गेला आणि एक फ्रेम तर बिजागरीच्या स्क्रूपाशी धाग्याच्या दिशेने सरळ चिरली. याहून मोठी अडचण काच बसवण्याची आहे. अॅसिटेटची फ्रेम हीटरवर धरली की मऊ पडते, काच खाचेत सरकते आणि थंड झाल्यावर घट्ट बसते. कानामागचे वळणही गिऱ्हाइकाच्या डोक्याप्रमाणे देता येते. एवढ्या पातळ कापलेल्या बांबूला ही सवलत नाही. शाळकरी मुलांचा नंबर तर सारखा बदलतो, आणि दर वेळी काच बदलताना फ्रेम चिरण्याची भीती असेल तर तो चष्मा मी गिऱ्हाइकाच्या हातात देणार नाही.

म्हणून आता आराखडा बदलला आहे. पुढचा भाग धातूचा, त्याच्या रिमला उघडता येणारा स्क्रू, आणि बांबूच्या फक्त काड्या. काडी धातूच्या एका छोट्या टोपणात बसेल आणि एक स्क्रू काढला की घरच्या घरी बदलता येईल. टोपण, बिजागरी आणि स्क्रू यांचे माप सगळ्या फ्रेमना एकच ठेवायचे, म्हणजे पाच वर्षांनंतरही सुटी काडी मिळेल.

पहिली मदत हवी आहे ती चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या हुपरीच्या कारागिरांची. पैंजणांच्या कड्या आणि घुंगरे डाक लावून जोडणाऱ्या हातांना रिमचे काम कठीण जाणार नाही, असा माझा विश्वास आहे. प्रश्न धातूचा आहे. पितळ घामाने हिरवे पडते. जर्मन सिल्व्हर मजबूत असते, पण त्यात निकेल असल्यामुळे काहींच्या नाकावर आणि कानामागे पुरळ उठते. शुद्ध चांदी मऊ, आणि तांबे मिसळलेली चांदी वापरली तर किंमत हाताबाहेर जाते. स्टीलच्या तारेचे झाळकाम (तापवून जोडण्याचे काम) हुपरीत कोणी करते का, किंवा निकेल टाळून दुसरा कोणता मिश्रधातू सुचवता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दुसरा प्रश्न डिंकाचा. बांबूचे पातळ थर आडवे-उभे चिकटवले तर काडी चिरणार नाही, हे प्लायवूडवरून कळते. पण त्यासाठी सर्रास वापरले जाणारे डिंक फॉर्माल्डिहाइड या घातक रसायनाचे असतात, आणि तसेच डिंक वापरायचे असतील तर बांबूचा आग्रह धरण्यात अर्थ राहत नाही. आजरा-चंदगड भागात काजूप्रक्रिया होते आणि काजूच्या टरफलाच्या तेलापासून रेझिन बनवता येते. मात्र कच्च्या तेलाने हात भाजतात हे तिथली कोणतीही काजू सोलणारी बाई सांगेल, तेव्हा ते पूर्ण सुकून निर्धोक झाल्याची खात्री झाल्याशिवाय कानाला लागणाऱ्या वस्तूवर वापरता येणार नाही. शिवाजी विद्यापीठात किंवा इतरत्र पॉलिमरचा अभ्यास करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने हा विषय प्रकल्प म्हणून घेतला, तर साहित्याचा खर्च मी उचलेन.

डब्यासाठी, म्हणजे चष्म्याच्या घरासाठी, कोल्हापुरी चपलांच्या कामातून उरणारे बाभूळ-हिरड्याने कमावलेले कातडे वापरायचे आहे. पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते, एवढीच शंका आहे. सुभाषनगरातल्या ज्या भगिनी चपलांवरची कातड्याची वेणी विणण्याचे काम करतात, त्यांच्यापैकी कोणाची ओळख असल्यास कळवावे.

काचेचा प्रश्न मात्र मला रात्री झोपू देत नाही. ७० मिलिमीटर व्यासाची गोल काच ५० बाय ३६ च्या आकारात घासताना तिचे निम्म्याहून अधिक क्षेत्रफळ प्लास्टिकची भुकटी होऊन पाण्यात मिसळते, कारण आजची ‘काच’ बहुतेक वेळा प्लास्टिकचीच असते. ते दुधाळ पाणी मोरीत ओतले की पुढे कुठे जाते, हे पंचगंगेकाठच्या माणसाला वेगळे सांगायला नको. मी आता ते दोन बादल्यांत निवळून, जुन्या धोतराच्या चौपदरी कापडातून गाळते. आठवडाभरात वाटीभर पांढरा गाळ जमतो. चष्म्याच्या काचांसाठी वापरले जाणारे सीआर-३९ जातीचे प्लास्टिक वितळवून पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळे हा गाळ मी बरण्यांत भरून ठेवला आहे. टाइल्स किंवा सिमेंटच्या वस्तू करणाऱ्या कोणाला तो भर म्हणून चालेल का?

सोबत येणाऱ्यांना सुरुवातीला मानधन देणे मला शक्य नाही, हे आधीच सांगते. ज्याने आराखडा केला त्याचे नाव त्या नमुन्यावर राहील आणि विक्री सुरू झाल्यावर त्याचा वाटा लेखी ठरवला जाईल. साधी फ्रेम ३०० ते ४०० रुपयांत मिळत असताना आपली फ्रेम किती रुपयांपर्यंत लोक घेतील, याचा हिशेब मांडून देणारे कोणी असेल तर तेही हवेच आहेत. तयार नमुना आधी ५०० वेळा उघडून-मिटून पाहायचा आणि एक पूर्ण पावसाळा आमच्यापैकी कोणीतरी रोज वापरायचा, त्याशिवाय विकायचा नाही, एवढी एक अट आहे.

ज्यांना रस असेल त्यांनी आपले काम आणि या चष्म्यात आपण काय करू शकाल, हे थोडक्यात लिहावे. पाच-सहा जण जमले की एखाद्या रविवारी सकाळी उद्यमनगरात भेटू. तुटलेल्या चष्म्यांचा डबा आणि चिरलेली बांबूची फ्रेम मी सोबत आणते. हुपरीच्या मंडळींनी शक्य झाल्यास आपल्याकडची सर्वांत बारीक तार घेऊन यावी.