सिप्रोची गोळी आणि गंगावेशीतलं दूध

सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) ही अँटिबायोटिक गोळी दुधाबरोबर घेतली की पोटाला बरी, असं कुणीतरी लिहिलंय. नका घेऊ! दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं, रक्तात ते कमी उतरतं. कोल्हापुरातल्या गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायचंच असेल तर गोळी आधी, दूध किमान दोन तासांनी.

ही गोळी जिवाणूंच्या डीएनएचा पीळ सोडवणारं जायरेझ नावाचं एन्झाइम अडवते, म्हणून त्यांची वाढ थांबते. व्हायरल सर्दीत उपयोग शून्य.

तालमीतल्या पोरांनी मात्र एक ध्यानात ठेवावं: या गोळीनं टाचेमागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) सुजू शकते, क्वचित तुटतेसुद्धा. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २००८ मध्ये यासाठी ठळक इशारा छापायला लावला. साठीपुढच्यांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना धोका जास्त. टाच दुखली की जोर-बैठका बंद, आणि पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.