मदत हवी आहे: निकोटीन गम चालू आहे, तरी सिगारेटची तलफ जात नाही

कटिंगचहा
दिवसाला साधारण पाकीटभर सिगारेटी. पहिली सकाळी उठल्या उठल्या चहाबरोबर. सोडायची म्हणून केमिस्टकडून 2 मिग्रॅचा निकोटीन गम आणला. चघळला की घसा जळतो, उचकी लागते, मळमळतं आणि तलफ आहे तिथेच. ऑफिसात चार वाजता सगळे टपरीवर जातात, तिथे हमखास माती खातो. डोस वाढवू का? की गोळ्या घ्याव्यात? 'मनावर ताबा ठेव' सोडून काहीही सांगा, ते घरचे रोज सांगतात.

अनुपान
उचकी आणि जळजळ याचा अर्थ निकोटीन गालातून रक्तात न जाता थुंकीबरोबर पोटात उतरतंय. साध्या च्युइंगगमसारखा सलग चघळला की हेच होतं. गम सावकाश चावा. तिखटसर चव किंवा झिणझिण्या आल्या की थांबा आणि गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा, तंबाखूचा बार धरतात तसा. मिनिटभरात झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा थोडा चावा, जागा बदला. असा अर्धा तास, मग टाकून द्या.

गमच्या आधी 15 मिनिटं आणि तो तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक बंद. तोंड आंबट झालं की निकोटीन शोषलं जात नाही. तंबाखूला चुना लावतात तो याच कारणासाठी.

आता डोस. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल त्याला 4 मिग्रॅ लागतो, 2 अपुरा पडतो. पण आधी चावणं सुधारा, नाहीतर 4 मध्ये उचकी दुप्पट. वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोला. हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर त्यांना विचारल्याशिवाय गमच नको. पहिले 6 आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे 3 आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे 3 चार-आठ तासांनी. दिवसात 24 च्या वर नाही. तलफ येण्याची वाट बघत बसू नका. सिगारेटचं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, गमला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून चारच्या चहासाठी गम सव्वातीनला तोंडात हवा.

निवांत
व्हेप घ्या ना, सोपं पडतं.

अनुपान
ई-सिगारेटच्या विक्रीवर भारतात 2019 पासून बंदी आहे. चोरून मिळणाऱ्या मालात काय भरलंय याचा पत्ता नसतो. सुपारी-मावाही नको, सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे. तोंडाला चाळा हवा तर बडीशेप, लवंग.

मोजूनमापून
एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. सिगारेटच्या धुराने यकृत कॅफीन भराभर संपवतं. सिगारेट सुटली की तेच चार कप अंगात जास्त वेळ राहतात. मग धडधड, चिडचिड, झोप नाही, आणि माणूस म्हणतो 'सोडल्याचा त्रास'. पहिल्या दिवसापासून चहा-कॉफी निम्म्यावर आणा. खरा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असतो, तीन-चार आठवड्यांत बराच उतरतो. एकेक तलफ काही मिनिटांचीच असते. पहिले काही आठवडे टपरी टाळा, चहा जागेवर मागवा. पाकीट न घेता सुटी एकच घेऊ, हा हिशेब करू नका. बहुतेकांची गाडी तिथूनच घसरते.

कटिंगचहा
दोघांचेही आभार. मी सलगच चघळत होतो, तेही चहाबरोबर. पण गमचीच सवय लागली तर? आणि मधे एखादी ओढली गेली तर?

अनुपान
थोड्यांना लागते. पण गममध्ये डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. सवयीच्या भीतीने दोन आठवड्यांत गम सोडणारे जास्त फसतात. एखादी ओढली गेली तर उरलेलं पाकीट फेका, पुढचा गम वेळेवर घ्या.

गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. व्हॅरेनिक्लिन सिगारेट सोडायच्या आठवडाभर आधी सुरू करतात, एकूण 12 आठवडे. जेवणानंतर पेलाभर पाण्यासोबत, नाहीतर मळमळ. बुप्रोपिऑनही आधीच सुरू करावी लागते. फिट येण्याचा त्रास असेल तर ती चालत नाही. इन्सुलिन किंवा दम्याची थिओफायलिन चालू असेल तर धूम्रपान थांबल्यावर तो डोस बदलावा लागू शकतो, तेही विचारून घ्या. पाकिटावर छापलेला 1800-11-2356 हा क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या हेल्पलाइनचा, टोल फ्री नंबर आहे. समुपदेशक सोडायची तारीख ठरवून घेतात आणि नंतर स्वतः फोन करून चौकशीही करतात.