वसिष्ठ-अरुंधती : दोन नव्हे, सहा
दुर्बिणीशिवाय कोणता जोडतारा दिसेल, असं विचारलं की वसिष्ठ-अरुंधती हे उत्तर येतं, ते बरोबरच. भर एवढीच, की तिथे तारे सहा आहेत. छोट्या दुर्बिणीतून एकटा वसिष्ठच दुभंगतो. मधलं अंतर जेमतेम १४ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). त्या दोघांतला प्रत्येक पुन्हा जोडी! एक जोडी अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ पिकरिंग यांनी १८८९ मध्ये वर्णपटावरून, म्हणजे प्रकाशाच्या रंगपट्ट्यावरून ओळखली, एकमेकांभोवती साडेवीस दिवसांत एक फेरी. अरुंधतीचा मंद सोबती तर २००९ मध्ये सापडला. एप्रिल-मेमध्ये रात्री नऊला उत्तरेकडे बघा, सप्तर्षींच्या शेपटीत टोकाकडून दुसरा तो वसिष्ठ. आमच्या लग्नात गुरुजींनी भरदुपारी मांडवाच्या कापडाकडे बोट दाखवलं होतं, आणि आम्हीही "दिसली" म्हणालो. खरी दिसली ती पुढच्या उन्हाळ्यात, गच्चीवरून.