मदत हवी आहे: एकाच कमिटमध्ये ३,८०० फाइल्स, प्री-कमिट हुकमध्ये काय ठेवावं?

सामायिक मॉड्यूलचं नाव बदलल्याने गिट रेपोत एकदम ३,८०० फाइल्स बदलल्यात. प्री-कमिट हुकमध्ये (कमिट, म्हणजे बदलांची नोंद, होण्याआधी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) ईएसलिंट (जावास्क्रिप्ट कोडमधल्या चुका शोधणारं साधन), टाइप-तपासणी आणि पासवर्ड-किल्ल्या शोधणारा स्कॅनर आहे. कमिटला ११ मिनिटं लागतात, म्हणून टीममधले लोक 'नो-व्हेरिफाय' (हुक वगळणारा पर्याय) लावतात आणि स्कॅनरही वगळला जातो. खरी भीती तीच आहे: पुश झालेली (सर्व्हरवर गेलेली) किल्ली इतिहासातून पुसली तरी बदलावीच लागते.

फाइल-सिस्टम मॉनिटर आणि अनट्रॅक्ड कॅश (बदललेल्या आणि नव्या फाइल्स लवकर शोधायच्या गिटच्या सोयी) चालू केले. स्टेटस झटपट येतं, हुकचा वेळ तेवढाच. फक्त स्टेज केलेल्या (कमिटसाठी निवडलेल्या) फाइल्स तपासूनही फायदा नाही, इथे स्टेजच ३,८०० आहेत. फोल्डरवार तुकडे केले तर मधले कमिट बिल्ड होत नाहीत, म्हणजे पुढे बायसेक्ट (चूक कुठल्या कमिटमध्ये आली ते शोधणं) निरुपयोगी. 'गिट ॲड डॉट'ऐवजी '-यू' (गिटला आधीच माहीत असलेल्या फाइल्सच घेणारा पर्याय) वापरतो, त्यामुळे गुप्त माहितीची चुकार .एन्व्ह फाइल आत येत नाही (नव्या फाइल्स मात्र हाताने घालाव्या लागतात).

मशीन विंडोज आणि मॅक, गिट २.४३. सर्व्हर होस्टेड, प्री-रिसीव्ह हुक (पुश स्वीकारण्याआधी सर्व्हरवर चालणारा) लावता येत नाही. मुख्य ब्रांच संरक्षित, सीआय (सर्व्हरवर आपोआप होणाऱ्या तपासण्या) सक्तीचं.

प्री-कमिटमध्ये फक्त स्कॅनर ठेवून बाकी तपासण्या सीआयकडे दिल्या तर चालेल का? आणि पुशसाठी 'नो-व्हेरिफाय' वेगळं द्यावं लागतं, म्हणून स्कॅनर प्री-पुशवर पुन्हा चालवणं योग्य ठरेल का?