घरातलं मोठं माणूस रोज पितं तेव्हा: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले अनुभव

पोरगा प्यायला तर बाप चार शब्द सुनावतो. बापच पीत असेल, तर घरात कोण बोलणार? आमच्या भागात चोर्ला घाट उतरला की गोवा, तिथली बाटली स्वस्त. कर्नाटकात २००७ साली सारायी, म्हणजे स्वस्त देशी दारू, बंद झाली, पण नव्वद मिली दारूचं पाकीट गावोगाव मिळतं. तुमच्या घरी काय झालं, कशाचा उपयोग झाला, ते सविस्तर लिहा. नावं नकोत.

खानापूर तालुका, सून

मामांजी सकाळी चहा बशीत ओतायचे, तर बशीचा खडखडाट चुलीपर्यंत ऐकू यायचा. पाकीट पोटात गेलं की हात थांबायचा. आषाढीच्या आधी गावातल्या महाराजांनी त्यांना माळ घातली आणि त्यांनी त्या दिवसापासून थेंबाला हात लावला नाही. आम्ही हरखून गेलो. दुसऱ्या रात्री ते अंथरुणावरच्या मुंग्या वेचायला लागले. मुंगी एकही नव्हती. कधीच्या विकलेल्या बैलांना हाका मारत होते, अंग घामानं भिजलेलं. पहाटे झटका आला, दातखीळ बसली. गावात म्हणाले, बाहेरचं आहे, उतारा टाका. माझ्या नवऱ्यानं गाडी काढून सरळ बेळगाव गाठलं.

डॉक्टरांनी समजावलं ते सगळ्यांना कळायला हवं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, तर पहिल्या दोन दिवसांत झटका येऊ शकतो. त्यानंतर भ्रम होतो आणि त्यात माणूस दगावतोही. त्यांना ॲडमिट करून बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली, मेंदू शांत करणाऱ्या गोळ्या दिल्या आणि त्या हळूहळू कमी केल्या. डॉक्टर स्वतः माळकरी निघाले! म्हणाले, माळ जरूर घाला, पण आधी दवाखान्यात या.

मामांजींची माळ अजून गळ्यात आहे. मध्ये एका लग्नात घसरले, पुन्हा औषध सुरू केलं. महाराजांनीही माळ काढून घेतली नाही, याचं मला फार मोल वाटतं.

निपाणी, मुलगा

आई गेल्यावर वडिलांचं वाढलं. मी पडण्याबद्दल लिहितो, कारण ते कुणी सांगत नाही. मोरीत पडले, कपाळाला टेंगूळ आलं, दोन दिवसांत बरं झालं. काही आठवड्यांनी एक पाय ओढायला लागले, बोलणं जड झालं. सगळे म्हणाले, जास्त झाली असेल. धाकट्या बहिणीनं हट्टानं स्कॅन करायला लावलं, तर डोक्यात रक्त साकळलेलं. म्हाताऱ्या, पिणाऱ्या माणसाला हे मार लागल्यावर बऱ्याच दिवसांनीही कळू शकतं. ऑपरेशन झालं, वाचले. तुमच्याकडे कुणी डोक्यावर पडलं, तर पुढचे दीड-दोन महिने चाल आणि बोलणं बघत राहा. दारूचा वास येतोय म्हणून सोडून देऊ नका.

शहापूर, पुतणी

जेवणात गुपचूप मिसळायची पूड एका ओळखीच्यांनी काकूला आणून दिली. काकूनं आधी डॉक्टरांना दाखवली, हे थोर केलं. अशा पुडीत डायसल्फिरम असू शकतं. त्यावर दारू पडली की तोंड लाल होतं, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो. काकांचं हृदय आधीच अधू. ते औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीनंच द्यायचं असतं.

काका अजून पितात. काकूनं मात्र हळदीकुंकवाला जाणं पुन्हा सुरू केलंय. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर ती मराठीत बोलते. फोन फुकट आहे, चोवीस तास लागतो. आमच्या घरात एवढा बदल झालाय आणि मला तो मोठा वाटतो.

चिकोडी, नातू

आमच्याकडे भावकीचं एकच पालुपद: "आता या वयात कशाला सोडवताय? पिऊ दे की सुखानं." सुखानं? आज्ज्याला रात्री झोप नाही, पायाला सूज, जेवण दोन घास. म्हातारपणी तेवढीच दारू शरीराला जास्त बाधते, शिवाय बीपी-साखरेच्या गोळ्या आहेतच. आज्जी या वयात त्याची ओकारी काढते, तिच्या सुखाचं काय?

एक अडचण आहे. मोठ्या दवाखान्यात समुपदेशन कन्नडमधून होतं. आज्ज्याला बाजारापुरतं कन्नड येतं, पण धाकटा मुलगा विहिरीत गेला ते दुःख तो मराठीतच बोलेल. मी शेजारी बसून भाषांतर केलं, तर नातवासमोर तो तोंड उघडत नाही. बेळगाव किंवा कोल्हापूरकडे मराठीतून बसून ऐकणारं कुणी माहीत असेल, तर दवाखान्याचं नाव आणि वार इथं लिहा. गाडीची सोय आहे, येतो म्हणालाय तो.